परके फळ, घरचा अर्क

धारूरच्या डोंगरात पिकणारे सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले, हे सांगूनही सहसा कोणास खरे वाटत नाही. इतके ते येथल्या मातीचे झाले आहे. गोमंतकातील काजूची कथा अशीच आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाच्या बोंडापासून गोवेकरांनी फेणी निर्माण केली.

तिची कृती मोठ्या चिकाटीची. बोंडे तोडीत नाहीत. पिकून गळलेलीच वेचतात. ती तुडवून काढलेला रस बाहेरचे किण्व न घालता आपोआप आंबतो. तो भट्टीवर चढविला म्हणजे प्रथम सौम्य हुर्राक मिळतो. हुर्राक व आंबलेला रस एकत्र करून पुन्हा अर्क काढला की फेणी होते. नवख्यास जो दर्प उग्र वाटतो, तोच जाणकारास बोंडाची ओळख पटवितो.

जपाननेही स्कॉटलंडची विद्या घेऊन १९२३ साली यामाझाकी येथे व्हिस्कीचा कारखाना उभारण्यास आरंभ केला. तेथील पाणी व मिझुनारा ओकची पिंपे यांनी तिला निराळी चव दिली. आज जगभर तिचा मान आहे. फेणीवर मात्र दीर्घकाळ 'गावठी' हा शिक्का राहिला. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. २०१६ साली गोव्यात ती वारसा-पेय ठरली.

मद्यपानाचे दोष कोणी नाकारीत नाही. परंतु कारागिरीची पारख ही निराळी गोष्ट होय. बोंडे वेचणारे व भट्टी राखणारे हात टिकले, तरच हा कागदावरील मान सार्थ ठरेल.