सोडलेल्या सागराचा हिशेब

बालाघाटहून समुद्र दिसत नाही. सातपुड्याच्या रांगा, वैनगंगेचे पाणी आणि सालाची व बांबूची जंगले हा त्या जिल्ह्याचा भूगोल. तेथून अरबी समुद्र गाठायचा तर सबंध महाराष्ट्र ओलांडावा लागतो. अशा मुलखाचे नाव समुद्रातील तेलावरच्या अग्रलेखात कशाला, असे किनारपट्टीचे आमचे वाचक विचारतील. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदात आहे. प्रादेशिक जलधी, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांच्या तळाशी जे जे मोलाचे आहे ते संघराज्याच्या मालकीचे, असे तो अनुच्छेद सांगतो. म्हणजे अरबी समुद्राच्या तळाशी तेल असेल तर त्यावर मालवणच्या मच्छीमाराचा जेवढा हक्क, तेवढाच भरवेलीच्या खाणकामगाराचा. आणि त्या तळावर कोणा कंपनीला शोधाचा परवाना दिला, पुढे तिने तो परत केला, तर त्या व्यवहाराचा जाबही दोघांनी सारख्याच अधिकाराने विचारायचा आहे. तो कोणी विचारीत नाही, हे आमचे दुखणे आहे.

भरवेलीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. तेथील मँगनीजची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. मध्य प्रांतात मँगनीजचा शोध घेण्यासाठी १८९६ मध्ये एक ब्रिटिश सिंडिकेट उभे राहिले. त्याचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून ५१ टक्के भांडवल घेऊन 'मॉयल' स्थापन केली, उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये घेतले आणि त्या टेकड्या पुरत्या देशाच्या झाल्या. या इतिहासातील कडूगोड बाजूला ठेवू. पण जमिनीवरच्या खनिजाचा एक गुण असा की ते लपत नाही. काळा दगड टेकडीच्या अंगावर दिसतो, खणलेला खड्डा नातवंडांनाही दिसतो, आणि कंपनी गेली तरी तिने काय नेले आणि काय ठेवले याचा अंदाज गावकऱ्याला बांधता येतो. समुद्रात यातले काहीच नाही. परवाना दिला तेव्हा पाणी होते, परवाना परत आला तेव्हाही पाणीच आहे. मधल्या वर्षांत काय झाले ते फक्त कागदांना ठाऊक, आणि ते कागद कोणाकडे आहेत हाच खरा प्रश्न.

परवाना म्हणजे तेल नव्हे, ही गोष्ट आधी नीट ध्यानात घेतली पाहिजे. परवाना हा काळोखात हात घालण्याचा हक्क आहे. जहाजामागे काही किलोमीटर लांबीच्या तारा ओढून ध्वनिलहरी तळाखाली सोडतात, त्यांच्या प्रतिध्वनींवरून खडकांच्या थरांचे चित्र रेखतात आणि मग भूशास्त्रज्ञ विचार करू लागतो. तेल तयार होण्याजोगा खडक खाली आहे काय? ते साठेल असा सच्छिद्र खडक आहे काय? वर झाकण धरणारा थर आहे काय? आणि थरांची घडी अशी बसली आहे काय की तेल वाहून न जाता तेथेच अडकेल? या चारही गोष्टी एकदम जमाव्या लागतात. प्रत्येकीची शक्यता निम्मी धरली तरी एकत्र शक्यता सोळांत एक एवढीच उरते. शिवाय खोल पाण्यातल्या एका विहिरीला शेकडो कोटी रुपये लागतात. तेव्हा ठरावीक टप्प्याच्या शेवटी 'विहीर खोदा अथवा क्षेत्र सोडा' असा जो प्रसंग येतो, त्यात सोडणाऱ्याला भेकड म्हणणे अडाणीपणाचे आहे. आकडेमोड करून, खर्च सोसून, 'येथे आमच्या मते अर्थ नाही' असे सांगून जो निघून जातो तो आपले काम करून गेला.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागरसम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात 'बॉम्बे हाय'चे उत्पादन सुरू झाले. त्या विजयाची गाणी आपण अजून गातो. पण त्याच १९७४ साली बंगालच्या किनाऱ्यापुढे कार्ल्सबर्ग गटाशी आणि कच्छपुढे रीडिंग अँड बेट्सशी करार झाले होते. त्यांनी विहिरी खोदल्या, व्यापारी मोलाचे काही हाती लागले नाही आणि ते परत गेले, हे आज कोणाच्या स्मरणात आहे? 'बॉम्बे हाय'देखील आकाशातून पडलेले नाही. सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने साठीच्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत त्या उंचवट्याची रेषा कागदावर उमटली, आणि जवळजवळ दहा वर्षांनी तेथे पहिला छिद्रक उतरला. कागद जपला गेला म्हणून तेल मिळाले.

आणि सोडणारा म्हणतो म्हणजे पृथ्वी म्हणते असेही नाही. राजस्थानातील बारमेरचा ब्लॉक मूळ शेल कंपनीकडे होता. तिने आपला हिस्सा केर्न या लहान कंपनीला अल्प किमतीत देऊन टाकला आणि २००४ च्या जानेवारीत त्याच वाळवंटात 'मंगला'चा साठा सापडला. दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या समुद्रात तर याहून नवलाची गोष्ट घडली. तेथील स्टाब्रोक क्षेत्रातील आपला निम्मा वाटा शेलने २०१४ मध्ये सोडला. दुसऱ्याच वर्षी भागीदार एक्सॉनला तेथे तेल लागले आणि एका छोट्या देशाचे नशीब पालटले. शेलचे भूशास्त्रज्ञ मूर्ख होते असा याचा अर्थ नाही. एकाच चित्राकडे दोन माणसे दोन नजरांनी पाहतात. म्हणूनच पहिल्याने सोडलेले चित्र दुसऱ्याच्या हाती तत्काळ आणि पूर्ण पडणे यात राष्ट्राचे हित असते.

याच्या उलट, न सोडणाऱ्यांची आणि सोडू न देणाऱ्यांची कथा पाहा. मुंबईच्या नैर्ऋत्येस सुमारे १३० किलोमीटरवर 'रत्ना' आणि 'आर-मालिका' ही क्षेत्रे आहेत. तेथे तेल आहे हे शोधण्याचीही गरज नव्हती. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने, म्हणजे आजच्या ओएनजीसीने, ते आधीच शोधले होते. १९९६ मध्ये ही क्षेत्रे एस्सार आणि प्रीमियर यांच्या गटाला देण्याचे ठरले. स्वामित्वशुल्क आणि उपकर किती, यावर घोळ सुरू झाला. करारावर सही झालीच नाही. सरकारे आली, गेली, मंत्री बदलले, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहिली. अखेर २०१६ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने तो निर्णय रद्द केला आणि क्षेत्रे पुन्हा ओएनजीसीकडे आली. वीस वर्षे! या काळात जन्मलेले मूल महाविद्यालयात गेले, आणि सापडलेले तेल समुद्राच्या तळाशी तसेच. आपण आज गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, तेव्हा या वीस वर्षांबद्दल कोणाला तरी लाज वाटायला हवी होती. कोणा अधिकाऱ्याला साधी विचारणा झाल्याचेही आमच्या वाचनात नाही.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ ब्लॉकचा प्रकार वेगळा, पण जात तीच. ७,६४५ चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्रातून शोधाच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याअखेर प्रत्येकी एक-चतुर्थांश भाग परत करावा, असे कराराचे बंधन होते. रिलायन्सला सबंध क्षेत्र 'शोध लागलेले' म्हणून ठेवू देण्यात आले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले, तेव्हा कोठे चक्रे फिरली आणि २०१३ मध्ये मंत्रालयाने त्यातील मोठा भाग काढून घेण्याचा आदेश दिला. परतीचे हे कलम कंत्राटदाराला छळण्यासाठी नसते. ज्याला एका कोपऱ्यात वायू मिळाला त्याने उरलेला समुद्र अडवून बसू नये, दुसऱ्याला तेथे प्रयत्न करता यावा, एवढाच त्याचा साधा हेतू. आपल्या वाडवडिलांच्या भाषेत सांगायचे तर पडीक ठेवायची असेल तर जमीन गावाला परत दे.

सरकारही यात साव नाही. बीएचपी बिलिटन या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारतातील आपल्या दहा ब्लॉकांपैकी नऊ २०१३ मध्ये परत केले. त्यांत अरबी समुद्रातील खोल पाण्याचे ब्लॉक होते. भूशास्त्राने तिला निराश केले म्हणावे, तर तिला पुरता शोधच घेता आला नव्हता. संरक्षण खात्याची परवानगी मिळेना. एका मंत्रालयाने समुद्र लिलावात काढावा आणि दुसऱ्याने तेथे पाऊल ठेवू नये म्हणावे, हा तमाशा जगाने पाहिला. देशाचे संरक्षण तेलाहून मोठे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण मग ते क्षेत्र लिलावात काढण्यापूर्वीच आरमाराला विचारायचे होते. पुढे २०२२ मध्ये अशी प्रतिबंधित सागरी क्षेत्रे ९९ टक्क्यांनी कमी करण्यात आली आणि सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर समुद्र शोधासाठी मोकळा झाला. नऊ वर्षे उशिरा आलेले हे शहाणपण आम्ही स्वागतार्ह मानतो. मात्र गेलेली कंपनी त्यामुळे परत येत नाही.

नव्या धोरणाबद्दल दोन शब्द. २०१६ पासून परवान्याची पद्धत बदलली. कंपनीने हवे ते क्षेत्र स्वतः आखून मागावे आणि उत्पन्नातला वाटा सरकारला द्यावा, अशी ती योजना आहे. २०१७ मध्ये भूशास्त्रीय माहितीचे राष्ट्रीय भांडारही सुरू झाले. या भांडाराचे महत्त्व आम्हांला लिलावाहून अधिक वाटते. करारान्वये शोधातून निघालेली सारी माहिती सरकारच्या मालकीची असते. कोरड्या विहिरीतून वर आलेला खडकाचा नमुना, ध्वनिलहरींच्या नोंदी आणि त्यांवरचे निष्कर्ष हे कंपनी जाताना देऊन जाते, किंवा जाऊ नये तरी. राहिलेल्या कामाचे पैसे भरून घेण्यात आपले अधिकारी दक्ष असतात. पण त्या नोंदी पुऱ्या आल्या का, वाचता येण्याजोग्या आहेत का, हे तपासायला भूशास्त्र जाणणारा माणूस बसवावा लागतो. दंडाची रक्कम तिजोरीत एकदाच पडते, आणि चांगल्या नोंदी पन्नास वर्षे कामास येतात. 'बॉम्बे हाय'ने हे आपल्याला शिकवलेच होते.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. पाहणीची जहाजे येतात तेव्हा मच्छीमाराला जाळी उचलायला सांगतात, तेही ऐन हंगामात. पालघर-सातपाटीकडून याविषयीच्या तक्रारी आपण ऐकल्या आहेत. तेलाच्या फलाटाभोवती ५०० मीटरचा सुरक्षापट्टा असतो, हे त्याला ठाऊक असते, कारण फलाट डोळ्यांना दिसतो. पण परवाना परत केला हे त्याला कोण सांगते? कोरडी विहीर सिमेंटने बुजवून कंपनी गेली, पण तिचे तोंड तळावर उभे राहिले, तर जाळे त्यावर अडकून फाटते आणि कर्ज मात्र उरते. बुजवलेल्या प्रत्येक विहिरीची जागा अक्षांश-रेखांशांसह मराठीत, गुजरातीत, कोकणीत छापून मच्छीमार संस्थांना आणि बंदर कचेऱ्यांना मिळाली पाहिजे. यास खर्च फारसा नाही.

संसदेपुढेही एक साधे निवेदन दरवर्षी यावे. त्या वर्षी कोणत्या कंपनीने समुद्रातील कोणते क्षेत्र परत केले, किती विहिरी कबूल केल्या होत्या आणि किती खोदल्या, जाण्याचे कारण कोणते दिले, नोंदी भांडारात जमा झाल्या काय, आणि तेच क्षेत्र पुन्हा केव्हा खुले होणार, एवढे त्यात असावे. बालाघाटच्या खासदाराने ते मागितले तर कोणी त्याला 'तुमच्याकडे समुद्र कोठे आहे?' असे विचारू नये.