खलाशाची नळी आणि ट्रंकेतले फोटो

जहाजावर नोकरी केलेल्या माणसाच्या कामाची नोंद साधारणपणे तीन ठिकाणी उरते: त्याच्या सेवापुस्तिकेत, त्याने घरी आणलेल्या फोटोंत आणि त्याने सांगितलेल्या आठवणींत. जहाजाचे तसे नसते. ते कुठे बांधले, किती टनांचे, मालक कोण, कुठे बुडाले किंवा कधी मोडीत निघाले, हे कंपन्या, बंदरे आणि विमा कंपन्या लिहून ठेवतात. त्याच जहाजाच्या भट्टीपुढे वीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाची हकीकत मात्र बहुधा घरच्या पत्र्याच्या ट्रंकेतच सापडते. पालघर तालुक्यातील शिरगाव-सातपाटीपासून खाली रत्नागिरी, वेंगुर्ला, गोव्यापर्यंत दर्यावर पोट असलेल्या गावांतून अशा ट्रंका आहेत. त्यांतले कागद आणि फोटो कसे वाचावेत, कसे जपावेत आणि इतरांपर्यंत कसे पोचवावेत, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

सेवापुस्तिका

विदेशी फेऱ्यांवर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाकडे ‘कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट’ नावाची पुस्तिका असते. कागदोपत्री तिला सीडीसी म्हणतात. जुने खलाशी तिला ‘नळी’ म्हणत. पहिल्या पानांवर नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव, उंची, अंगावरची खूण आणि फोटो असतो. जुन्या पुस्तिकांत अंगठ्याचा ठसाही आढळतो. पुढच्या पानांवर रकाने असतात: जहाजाचे नाव, त्याचा अधिकृत क्रमांक आणि टनभार, कुठल्या बंदरात कधी चढला, कुठे कधी उतरला, हुद्दा कोणता, फेरी कसली. शेवटी कामातील कौशल्य आणि वर्तणूक यांविषयी शेरा व कप्तानाची सही. पुढची नोकरी या शेऱ्यावर अवलंबून असे, म्हणून ही पुस्तिका घरातल्या दागिन्यांइतकी जपली जाई.

घरच्यांच्या आठवणीत ‘आजोबा लंडनच्या जहाजावर होते’ एवढेच उरलेले असते. पुस्तिकेची पाने उलटली की जहाजांची नावे, वर्षे आणि हुद्द्यातली चढती पायरी समोर येते. दोन नोंदींमधले अंतरही बोलके असते. एका जहाजावरून उतरल्यावर दुसरे मिळेपर्यंत आठ महिने गेले असतील, तर ते बेकारीचे दिवस असू शकतात, गावच्या शेतीचे असू शकतात किंवा आजारपणाचेही. त्याचे उत्तर पुस्तिकेत नसते. ते घरच्या आठवणींनी भरून काढावे लागते.

हुद्दे आणि पाळ्या

जुन्या फोटोत कोण कोणते काम करी हे कळण्यासाठी जहाजावरची उतरंड माहीत असावी लागते. ब्रिटिश कंपन्यांच्या वाफेच्या जहाजांवर हिंदी माणसांची तीन खाती असत. डेकवर सारंग हा मुख्य, त्याखाली तांडेल, मग सुकाणू धरणारा सुकाणी, कोठार सांभाळणारा कसाब आणि खलाशी, साफसफाईला टोपास. इंजिनखात्यात वेगळा सारंग आणि तांडेल, त्यांच्या हाताखाली तेलवाले, आगवाले आणि कोळसेवाले. तिसरे खाते सलूनचे: बटलर, स्वयंपाक करणारा भंडारी, वाढपी. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर डेकची माणसे बरीचशी कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची, इंजिनखात्यात पंजाब आणि सरहद्द प्रांताकडची, तर सलूनमध्ये प्रामुख्याने गोव्याची असत. जहाजावर हुकूम ज्या मिश्र बोलीत सुटत, तिला लस्करी म्हणत. थॉमस रोबक याने या बोलीचा कोश १८११ मध्ये कलकत्त्यात छापला होता, इतकी ती जुनी आहे.

कामाची पाळी चार तासांची. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा असे दिवसाचे आणि रात्रीचे भाग. चार तास काम आणि आठ तास सुट्टी. कोळशाच्या जमान्यात आगवाल्याचे चार तास म्हणजे भट्टीचे दार उघडणे, फावड्याने कोळसा आत पसरून टाकणे, लांब सळईने विस्तव फोडणे, राख ओढणे आणि वाफेचा काटा खाली येऊ न देणे. कोळसेवाला बंकरमधून कोळसा ओढून भट्टीपर्यंत आणी. बंकर रिकामा होत जाईल तसे हे अंतर वाढे. डेकवर गंज खरवडणे, शेंदरी रंगाचा हात देणे, दोर वळणे, डेक धुणे ही रोजची कामे. तेलावर चालणारी जहाजे आली तसे आगवाले आणि कोळसेवाले हे हुद्दे मावळले. ज्यांनी ते काम केले त्यांच्या आठवणींचे मोल त्यामुळे वाढते, कारण ते काम आता कुठेच पाहायला मिळत नाही.

राहण्याची जागा हा आठवणींतला आणखी एक महत्त्वाचा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट जागा होती, तर हिंदी खलाशाला ३६. पगारातही असाच मोठा फरक होता. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या अखेरीस, हिंदी खलाशांनी जहाजांवर संप करून पगारवाढ मिळवली. त्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा जवळजवळ दर चौथा माणूस हिंदी होता. मुंबईत खलाशांच्या संघटनेचे काम करणारे भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी १९४० मध्ये हिंदुस्थानातल्या दर्यावरच्या कामगारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. खलाशांची भरती, दलालांची लाच आणि कर्ज यांचे त्यात आलेले वर्णन घरोघरच्या आठवणींशी ताडून पाहता येते.

फोटोतला माणूस

जहाजावर कॅमेरा बराच काळ अधिकाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या हातात होता. त्यांच्या अल्बममध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे सापडतात. मागे रांगेत उभ्या असलेल्या खलाशांची बहुधा सापडत नाहीत. रविवारच्या तपासणीला पांढऱ्या कपड्यांत उभी असलेली सारंगाची तुकडी अशा चित्रांत वारंवार दिसते. खलाशाकडे स्वतःचा फोटो असे तो बहुतेक बंदरातल्या स्टुडिओत काढलेला: कोट, टाय, हातात टोपी, मागे रंगवलेला पडदा. तो घरी पाठवण्यासाठी असे. त्यात काम दिसत नाही, काम करून मिळालेली ऐपत दिसते. स्वस्त कॅमेरे आल्यावर चित्र बदलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या फोटोंत भंडारी कढईजवळ दिसतो, तेलाने माखलेला इंजिनखात्यातला माणूस हसताना दिसतो, विषुववृत्त ओलांडतानाचा सोहळा दिसतो.

असा फोटो ओळखायला काही खुणा मदत करतात. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे कठड्याला टांगलेली जीवरक्षक बोय. तिच्यावर जहाजाचे नाव आणि नोंदणीचे बंदर रंगवलेले असते आणि फोटोसाठी माणसे हटकून तिच्याशेजारी उभी राहतात. धुराड्याचा रंग कंपनी सांगतो: काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे असले की जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचे. एकच नाव अनेक जहाजांना मिळालेले असते, म्हणून नावापेक्षा पुस्तिकेतला अधिकृत क्रमांक अधिक खात्रीचा. तो हाती असला की लॉइड्स रजिस्टरमधून जहाज शोधता येते.

बाहेरच्या नोंदी

घरच्या कागदांना जोड देणाऱ्या नोंदी काही ठिकाणी आहेत. ब्रिटिश जहाजांच्या १८६३ ते १९३८ या काळातल्या खलाशी याद्यांचा सर्वांत मोठा साठा कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. रत्नागिरीच्या माणसाचे नाव अटलांटिकपलीकडच्या त्या दप्तरात असू शकते. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत मेलेल्या खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकात २,२२३ जणांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकात नौदल आणि व्यापारी जहाजे मिळून सुमारे साडेसहा हजार जणांची. ज्यांना समुद्रातच जलसमाधी मिळाली, त्यांच्या घरच्यांना नाव वाचण्यासाठी ही जागा आहे.

मुंबईतल्या धोबी तलाव परिसरातली गोवेकरांची ‘कुडे’ ही आणखी एक महत्त्वाची संस्था. एकेका गावाने मिळून चालवलेल्या या वसतिगृहांत खलाशी दोन जहाजांमधले दिवस काढत. सामान्य माणसाला खोली नसे. भिंतीशी लावलेली ट्रंक हीच त्याची जागा, आणि तो जहाजावर गेला तरी ट्रंक तिथेच राही.

अधिकाऱ्यांच्या आठवणी अधिक नीट जपल्या गेल्या, कारण त्यांना शिक्षणसंस्था होती. १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ या जहाजावर हिंदी मुलांना अधिकारी बनवण्याचे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. १९७२ मध्ये ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये हे शिक्षण नवी मुंबईत ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरच्या संस्थेत आले. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी उभारलेल्या सिंधिया कंपनीने हिंदी मालकीची जहाजे विदेशी मार्गावर आणली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज त्या वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली.

शिरगाव-सातपाटीच्या बोटी

शिरगावचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला, त्याची नोंद इतिहासात आहे. किल्ल्यासमोरच्या दर्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्यांची नोंद तेवढी नाही. मासेमारी बोटीवरच्या खलाशाला सीडीसी नसते, कप्तानाचा शेरा नसतो. बोटीची नोंदणी होते आणि तिच्या अंगावर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो, खलाशाची हजेरी मात्र बोटमालक नाखव्याच्या वहीत किंवा त्याच्या डोक्यात असते.

शेजारचे सातपाटी पापलेटसाठी ओळखले जाते. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. इथे बोटीचा मालक नाखवा, बोट चालवणारा तांडेल आणि हाताखाली खलाशी. त्यांत डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुणही असतात. बर्फ, डिझेल आणि शिधा भरून बोट काही दिवसांसाठी निघते. संध्याकाळी वागऱ्याची जाळी सोडायची, रात्रभर ती पाण्याबरोबर वाहू द्यायची, पहाटे ओढायची, मासळी सोडवून बर्फात रचायची. शिडाच्या जागी डिझेल इंजिन, लाकडाच्या जागी फायबर, ताऱ्यांच्या जागी जीपीएस असे बदल दोन-तीन पिढ्यांत झाले. शिडाची बोट हाकलेल्या माणसांचे कथन आणि त्या बोटींचे फोटो हे या बदलाचे पुरावे आहेत. २०२४ मध्ये पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि मच्छीमार त्याला विरोध करत आले आहेत. कुठे कोणती जाळी सोडत, कोणत्या महिन्यात काय मिळे, याची तारीखवार नोंद अशा वेळी स्मरणरंजनापुरती राहत नाही. ती उपजीविकेचा पुरावा बनते.

माणसाच्या नोंदीची गरज याहूनही निकडीची असते. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले पालघर जिल्ह्यातले खलाशी सागरी सीमेवर पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात अडकतात. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. सुटकेआधी माणसाचे राष्ट्रीयत्व पडताळले जाते. त्या वेळी घरी फोटो, ओळखपत्र आणि बोटीचा क्रमांक लिहून ठेवलेला असणे फार मोलाचे ठरते.

जपणूक आणि देवाणघेवाण

किनाऱ्यावरची दमट, खारी हवा फोटोंची शत्रू आहे. पावसाळ्यात बुरशी धरते, कसर कागद खाते, चिकट पानांच्या अल्बममधला डिंक चित्र पिवळे करतो. फोटोला प्लॅस्टिकचे आवरण कायमचे चिकटवू नये. ते पुन्हा निघत नाही. प्रत्येक फोटो साध्या कागदाच्या पाकिटात, भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवावा. मागे बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे: माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, हुद्दा, जहाज, बंदर, साधारण वर्ष. स्कॅन करताना पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू घ्याव्यात, कारण मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि त्यावरून बंदर कळते.

आठवण सांगून घेतानाही क्रम उपयोगी पडतो. सरळ ‘काय आठवते’ असे विचारले की वादळ आणि विदेश एवढेच बाहेर येते. पुस्तिका समोर ठेवून एकेका जहाजावर थांबले, की पाळी कोणती होती, जेवण कोण करी, पगार घरी कसा येई, सारंग कुठल्या गावचा होता, हे निघते. घरातल्या बायकांनाही तितक्याच काळजीने विचारावे; पगाराचा ठरावीक भाग दरमहा घरी येई तो त्यांनीच पुरवून वापरला आणि पत्रेही त्यांनीच सांभाळली. सिल्हेटच्या खलाशांच्या अशा मुलाखती कॅरोलाइन ॲडम्स यांनी १९८७ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या, आणि लंडनमधल्या बंगाली वस्तीचा पूर्वेतिहास त्यातून उभा राहिला. कोकण आणि पालघरच्या किनाऱ्यावर तेच काम गावपातळीवर होऊ शकते.

फोटो इतरांना दाखवताना फोटोतल्या माणसांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्यावी आणि सीडीसीचा क्रमांक, जन्मतारीख, अंगठा झाकावा. मूळ प्रत घरीच राहावी, नक्कल गावच्या वाचनालयात, शाळेत किंवा मच्छीमार संस्थेत द्यावी. एकाच जहाजावर काम केलेल्या दोन गावांतल्या घरांनी आपापले फोटो शेजारी ठेवले, तर एकाच्या चित्रातला अनोळखी चेहरा दुसऱ्या घराला ओळखता येतो. नाव, जहाज आणि वर्ष यांसह जमलेल्या अशा संग्रहातून किनाऱ्याच्या कामगारांचा इतिहास लिहिता येतो.