मत्स्यबीजास वनस्पतींचा आडोसा

सांगोला-पंढरपूरकडे डाळिंबाकरिता बांधलेल्या अनेक शेततळ्यांस प्लास्टिकचे अस्तर असते. तेथे माती नाही, म्हणून पाणवनस्पती नाहीत. आणि त्या नाहीत म्हणून लहान माशांस लपावयास जागाही नाही. अशा तळ्यात हायड्रिलासारखे दाट शेवाळ आणून टाकावे काय?

ह्याचे उत्तर माशाच्या जातीवर अवलंबून आहे. मरळ काठच्या दाट वनस्पतींतच जागा साफ करून अंडी घालतो व पिलांच्या तांबूस थव्याची पुढेही राखण करतो. सायप्रिनसची अंडी चिकट असतात. अंडी देण्याच्या वेळी हायड्रिलाच्या जुड्या पाण्यात सोडाव्या, आणि अंडी चिकटताच जुड्या निराळ्या स्वच्छ पाण्यात न्याव्या; कारण जन्मदाते मासेच ती खाऊन टाकतात. दोन-तीन दिवसांत पिले निघतात.

कटला, रोहू व मृगळ ह्यांची गोष्ट वेगळी आहे. ते नदीच्या पुरात अंडी देतात आणि ती अंडी चिकटत नाहीत. साठविलेल्या पाण्यात हे मासे आपण होऊन वीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन त्यांची वीण साधली, तेव्हापासून त्यांचे बीज हमखास मिळू लागले. ह्यांचे मत्स्यजिरे वाढविण्याच्या तळ्यात मात्र दाट शेवाळ ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जो आडोसा पिलांस, तोच चतुराच्या अळीस व पाणकिड्यांस. आणि हे किडे पिलांचा फडशा पाडतात. शिवाय वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याच तो ओढून घेतात. पहाटे मासे पृष्ठभागी तोंडे काढून धापा टाकू लागले, की शेवाळ फार झाले असे समजावे. एका रात्रीत सगळे बीज गेले, तर पैसा तर जातोच, पण हंगामही हातचा जातो.

पक्ष्यांच्या भीतीने बोटुकलीस थोडी सावली हवीच असेल, तर तळ्याच्या एका कोपऱ्यात धुतलेल्या शेवाळाच्या दोन-चार जुड्या बांबूस बांधून सोडाव्या. हायड्रिलाचे तुटलेले तुकडे मातीवाचूनही काही काळ जगतात. जाळे ओढण्यापूर्वी बांबूसकट जुड्या उचलता येतात, ही सोयही लहान नव्हे. तलावातली जलपर्णी मात्र, तिची फुले कितीही सुंदर दिसोत, शेततळ्यात आणू नये. ती पाण्यावर पसरून उजेडच अडविते.