तासांचा हिशेब : २ तास ४५ मिनिटे म्हणजे २.४५ नव्हे



ट्रॅक्टरचे भाडे काय किंवा सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी काय, वेळ आपण घड्याळावर बघतो आणि पैशाचा गुणाकार मात्र दशांशात करतो. घोटाळा होतो तो इथेच.

समजा, रोटाव्हेटर २ तास ४५ मिनिटे चालला आणि दर ताशी ८०० रुपये ठरला. वहीत २.४५ मांडून गुणले तर १,९६० रुपये होतात. खरे तास २.७५, म्हणून खरे भाडे २,२०० रुपये. एका खेपेला २४० रुपये ट्रॅक्टरवाल्याचे बुडाले. आणि तो ट्रॅक्टर बहुधा आपल्याच एखाद्या सभासदाचा असतो! तासाची मिनिटे ६० असतात, १०० नव्हेत. म्हणून मिनिटांना ६० ने भागावे. १५ मिनिटे म्हणजे ०.२५, ३० म्हणजे ०.५० आणि ४५ म्हणजे ०.७५ तास.

आता पुष्कळ घरांत मुले हा हिशेब संगणकावर किंवा मोबाइलवर एक्सेलच्या तक्त्यात ठेवतात. हा तक्ता अख्ख्या दिवसाला १ धरतो. त्याच्या लेखी सकाळचे ६ म्हणजे ०.२५ आणि दुपारचे १२ म्हणजे ०.५. त्यामुळे वेळांची वजाबाकी दिवसाच्या हिश्श्यात येते; तास हवे तर तिला २४ ने गुणावे लागते. बी रकान्यात सुरू झाल्याची आणि सी रकान्यात बंद झाल्याची वेळ असेल, तर सूत्र असे :

=(सी२-बी२)*२४

सूत्र टाइप करताना अक्षरे व आकडे इंग्रजी वापरावेत. वेळ ८.१५ अशी न लिहिता ८:१५ अशी लिहावी. उत्तराच्या रकान्याला ‘नंबर’ हा प्रकार द्यावा, नाहीतर तासांच्या जागी भलतीच वेळ दिसते.

रात्रपाळीच्या विजेवर मोटार २२:१५ ला सुरू करून पहाटे ५:४५ ला बंद केली, तर वरच्या सूत्राने उणे १६.५ येतात. अशा वेळी सूत्र असे :

=मॉड(सी२-बी२,१)*२४

मॉड उणे उत्तरात एक दिवस मिळवते आणि बरोबर ७.५ तास येतात.

तोडणीपासून वजनकाट्यापर्यंत उसाला किती तास लागले हेही असेच काढता येते. तोडलेला ऊस रखडला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, तेव्हा ही नोंद कामाची आहे. मात्र वेळ २४ तासांवर जाऊ शकते, म्हणून दोन्ही रकान्यांत वेळेबरोबर तारीखही लिहावी व पहिलेच सूत्र वापरावे.

पहिल्या दोन-चार नोंदी कागदावर ताडून पाहाव्यात आणि मगच तक्त्यावर विसंबावे.