चौकाबाऱ्यातली कवडी

म्हैसूरच्या जुन्या घरांतून चौकाबारा अजून खेळतात. पाच बाय पाच घरांचा पट, काही घरांवर फुल्या आणि चार कवड्या. आपला चल्लस आठ तो हाच. जितक्या उताण्या तितकं दान. चारही पालथ्या पडल्या तर आठ. म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना पटावरच्या खेळांचा विलक्षण नाद. त्यांनी कितीतरी नवे पट रचले, म्हणून या शहरात अशा खेळांना मान आहे. मला मात्र खेळापेक्षा कवडीचंच नवल वाटत आलंय.

वापरून वापरून गुळगुळीत झालेली एक कवडी उजेडात धरली. बोटाच्या पेराएवढी, फिकट पिवळी, एका टोकाला दोन्ही बाजूंनी उंचवटे. पाठीवरचा पिवळा थर झिजून खालचा जांभळट रंग उघडा पडलेला. पोटाकडे अरुंद फट आणि तिच्या दोन्ही काठांवर दात.

हे बांधकाम एका समुद्री गोगलगायीचं. प्रवाळांच्या उथळ पाण्यात ती शेवाळ खाऊन राहते. कोवळ्या वयात तिचं कवच पातळ, रुंद तोंडाचं असतं, पीळही स्पष्ट दिसतो. वयात आली की बाहेरची कड आत वळते, जाड होते, तिला दात येतात. त्यानंतर कवडी लांबीला वाढत नाही, फक्त जाड होते. त्या फटीतून प्राण्याच्या अंगाचे दोन मऊ पदर बाहेर येतात, पाठीवर चढून कवच झाकतात आणि त्यावर चुन्याचे थर देत राहतात. कवडीची चकाकी कुणी घासून आणलेली नसते, ती या पदरांची करणी.

मालदीवमध्ये कवड्या गोळा करून खड्ड्यांत पुरत, मांस कुजून गेलं की रिकामी कवचं धुऊन बंगालला पाठवत. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूताने हे लिहून ठेवलंय. बंगालमध्ये कवडी चलन म्हणून चाले. आपल्याकडे तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली माळ याच कवड्यांची.

प्रत्येक कवडीमागे एक जीव गेलेला असतो. म्हणून एक विनंती: खेळायला नव्या कवड्या विकत घेण्याआधी घरातला आजीचा डबा उघडून बघा. जुन्या कवड्या झिजल्या तरी दान नीट पडतं.