फॉरमॅट मारायच्या आधी

सकाळी 8.30

जुलैत यूएईतल्या अल ऐनला सकाळचं ऊन म्हणून काही नसतंच, सूर्य उगवतो तो थेट दुपारचाच. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करून एसी लावला, शेजारच्या मल्याळी कॅफेटेरियातून कडक चहा मागवला आणि रात्रभरात आलेले व्हॉइस मेसेज ऐकायला बसलो. बहुतेकांचं म्हणणं एकच, ‘भाई, व्हायरस आ गया.’ व्हायरस क्वचितच निघतो. निघतं ते अ‍ॅडवेअर. त्याला तुमच्या फायली उडवायच्या नसतात की मशीन बंद पाडायचं नसतं. मशीन धडधाकट हवं, इंटरनेट चालू हवं आणि तुम्ही दिवसभर काही ना काही शोधत राहायला हवं. प्रत्येक शोध आपल्या वाटेनं वळवला की त्याला दोन पैसे सुटतात. म्हणूनच ते इतकं चिवट असतं. घर पाडणाऱ्यापेक्षा घरात राहायला आलेला बाहेर काढणं कधीही अवघड.

9.30

पहिला कॉल एका टायपिंग सेंटरचा. आपल्याकडे महा ई-सेवा केंद्रात जे चालतं तेच इथं चालतं. व्हिसा, एमिरेट्स आयडी, कामगार करार, भाडेकरार अशा सगळ्यांचे अर्ज भरून देतात. पूर्वी खरोखर टंकयंत्रं असायची, आता सगळं ब्राउझरमध्ये. ब्राउझर बिघडला की दुकान बंद.

काउंटरवरच्या मुलानं दाखवलं. अ‍ॅड्रेस बारमध्ये सरकारी खात्याचं नाव टाकून एंटर मारलं. क्षणभर एक अनोळखी पत्ता झळकला, मागोमाग दुसरा, आणि शेवटी निकाल आले ते भलत्याच सर्च इंजिनावर. वरच्या तीन-चार ओळी जाहिरातींच्या. त्यातली पहिली साइट सरकारीच वाटावी अशी सजवलेली, पण होती एजंटची. तोच अर्ज वर ‘सेवाशुल्क’ लावून भरून देणारी. घरच्या मशीनवर ही कटकट म्हणून सोडून देता येते. इथं समोर बसलेल्या माणसाच्या पासपोर्टचा नंबर त्या पानावर टाइप होतो.

मालकांनी आपल्या परीनं सगळं केलं होतं. होमपेज बदललं, क्रोम काढून पुन्हा टाकला, हिस्टरी साफ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एक्स्टेन्शनची यादी उघडली. त्यात एक नको असलेलं होतं, पण त्याच्यापुढे ‘रिमूव्ह’ बटणच नाही. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बसवले आहे’ अशा अर्थाची ओळ तेवढी होती. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेन्यूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’. मालक वैतागले, ‘कौनसी ऑर्गनायझेशन? दुकान मेरा है!’

खरी गोम तिथंच होती. मोठ्या कंपन्यांना आपल्या शेकडो मशीनवर एकच होमपेज आणि ठरावीक एक्स्टेन्शनं लावता यावीत म्हणून क्रोममध्ये ‘पॉलिसी’ची सोय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद केली की ब्राउझर ती मुकाट्यानं पाळतो. अ‍ॅडवेअर त्याच खुर्चीत जाऊन बसतं आणि स्वतःला कंपनीचा आयटी विभाग म्हणवतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं इंग्रजीत टाकलं की चालू असलेल्या पॉलिसींचं पान उघडतं. तिथं ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ सापडली आणि तिच्यापुढे 32 अक्षरांचा ओळखक्रमांक. क्रोमचे हे क्रमांक ए ते पी एवढ्याच अक्षरांत असतात. तो वहीत उतरवून घेतला, पुढे फोल्डर शोधायला तोच कामी येतो.

पण ‘मॅनेज्ड बाय’ची ओळ दिसली की लगेच कात्री चालवायची नसते. शाळेचा किंवा बँकेचा लॅपटॉप असेल तर तिथली पॉलिसी खरी असते. ती उडवलीत तर उद्या त्यांचा आयटीवाला तुमच्या नावानं शंख करेल. इथं दुकानच मालकांचं होतं, म्हणजे ‘ऑर्गनायझेशन’ तोतया.

आता क्रम महत्त्वाचा. आधी नेटची वायर काढली. मग टास्क शेड्युलर उघडला. तिथं ‘अपडेट’ असं सोज्वळ नाव घेतलेलं एक काम होतं. लॉगिन झालं की आणि त्यानंतरही थोड्या थोड्या वेळानं ते पॉवरशेल चालवून सगळं पुन्हा जागेवर बसवत होतं. मालकांनी क्रोम कितीही वेळा काढला असता तरी हा पहारेकरी आतच राहिला असता. आधी ते काम उडवलं, मग युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधली त्याची फाइल, मग रजिस्ट्रीतली पॉलिसी, मग एक्स्टेन्शनचं फोल्डर. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘टार्गेट’ बघितलं; कधी कधी तिथं शेवटी एक वेबपत्ता चिकटवलेला असतो. प्रॉक्सी आणि होस्ट्स फाइलही तपासली, दोन्ही स्वच्छ होती. सर्वांत शेवटी क्रोम रीसेट केला आणि अ‍ॅडवक्लीनर फिरवलं. पुष्कळजण सुरुवातच त्यानं करतात. माझ्या मते ते काम झाल्यावर खात्री करून घ्यायला बरं. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं सफाईचं साधन होतं, ते गुगलनं 2023 मध्ये काढून टाकलं.

11.15

मशीन साफ झालं, पण काम संपलं नव्हतं. अ‍ॅडवेअर आत आलं कुठून हे कळल्याशिवाय मी उठत नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं ठरलेलं.

शेड्युलरमधल्या कामाची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची, दुपारची. मुलाला विचारलं, ‘उस दिन कुछ डाउनलोड किया था?’ ‘कुछ नहीं भाई.’ मालक मागेच उभे होते. दुसरं काय सांगणार बिचारा? नोकरीचा प्रश्न, आणि इथं नोकरीला व्हिसा बांधलेला. मालक गिऱ्हाइकाकडे वळले तसा तो हळूच म्हणाला, पोर्टलवर फाइल ठरावीक आकारापेक्षा मोठी चालत नाही, गिऱ्हाइकाचा पासपोर्ट स्कॅन मोठा झाला होता, म्हणून ‘फ्री पीडीएफ’ शोधून पहिलं मिळालं ते टाकलं.

म्हणजे दुकानाचंच काम करायला गेला होता. मालकांना मी एवढंच सांगितलं, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये 300 डीपीआयच्या जागी 150 ठेवा, फाइल लहानच निघेल. मुलाचं नाव घ्यायची गरज नव्हती. आणि रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं उघडून दिलं.

12.45

बाहेर 45 च्या वर. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आमच्यावर ऊन नसलं तरी दुकानं दुपारची बंदच असतात. खोलीवर येऊन वरण-भात लावला.

लोक म्हणतात, इंटरनेट बिघडलंय. बिघडलेलं ते आधीपासूनच. जावा टाकताना आस्क टूलबार गळ्यात पडायचा, तो देणारी ऑरॅकलसारखी बडी कंपनी होती. फेब्रुवारी 2015 मध्ये तर लेनोवोच्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर येत असल्याचं उघड झालं; त्यानं स्वतःचं सर्टिफिकेट बसवून सुरक्षित साइटींच्या वाहतुकीतही डोकं घातलं होतं. 2017 मध्ये चेक पॉइंटनं फायरबॉल शोधलं, बीजिंगच्या राफोटेक कंपनीचं. जगभरात 25 कोटी आणि त्यातली सुमारे अडीच कोटी भारतातली मशीन, असा त्यांचा अंदाज. हा आकडा फुगवलेला आहे असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं. आकडा काही असो, धंदा तोच: फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर दुसरं काही गुपचूप बसवायचं आणि दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचे. घाईत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्याला मूर्ख म्हणणं मला पटत नाही. ते बटण तसंच दाबलं जावं म्हणून तिथं ठेवलेलं असतं.

4.15

दुकान पुन्हा उघडलं. एका बागकाम कामगाराचा फोन, स्क्रीनवर सारख्या भयंकर सूचना: ‘तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस’. फोनमध्ये एकही नव्हता. फुकटची क्रिकेट मॅच बघताना ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ म्हणून ‘अलाऊ’ दाबलेलं. क्रोमच्या साइट सेटिंगमधून नोटिफिकेशनची परवानगी काढली. दोन मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत.

5.30

एका ऑफिसातल्या माणसाचा लॅपटॉप. यानंही ‘काहीच टाकलं नाही’ म्हणून सांगितलं. टाकलेल्या प्रोग्रामच्या यादीत फुकटचा व्हीपीएन दिसत होता. इथं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, पण कॉल लागत नाही. बॉटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप आहेत, पण गावाकडच्या आईला नवीन अ‍ॅप कोण शिकवणार? म्हणून जो तो व्हीपीएन टाकतो आणि मग भीतीनं लपवतो. भीतीही अगदी निराधार नाही: 2021 च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करायला किंवा तो दडवायला आयपी पत्ता फसवला तर दंड 5 लाख ते 20 लाख दिरहम. मी पोलीस नाही हे त्याला आधी पटवावं लागलं, मग तोंड उघडलं. फुकट व्हीपीएनवाल्याचं पोट कशावर भरतं, हे त्याला विचारलं. 2015 मध्ये होला नावाच्या व्हीपीएनचं प्रकरण गाजलं होतं. ते फुकट वापरणाऱ्यांचीच इंटरनेट जोडणी आपल्याच दुसऱ्या सेवेमार्फत विकत होते. आईच्या फोनवर बॉटिम कसं टाकायचं ते त्याला कागदावर मराठीत लिहून दिलं, माणूस सोलापूरचा निघाला.

7.30

रत्नागिरीकडच्या एक परिचारिका ताई ड्यूटीवरून थेट आल्या. ‘दादा, परवाच एका दुकानातून फॉरमॅट मारून आणला. पैसे दिले. घरी जाऊन लॉगिन केलं आणि परत तेच पान!’

फॉरमॅट मारणं दुकानदाराला परवडतं. ठरलेला दर, डोक्याला ताप नाही, मशीन लावून दुसऱ्या कामाला मोकळा. पण ताईंचं एक्स्टेन्शन लॅपटॉपमध्ये राहतच नव्हतं, राहत होतं ते त्यांच्या गुगल खात्यात. क्रोमचं सिंक चालू असलं की बुकमार्क, पासवर्ड यांच्याबरोबर एक्स्टेन्शनं आणि सर्च इंजिनही खात्यात जपून ठेवलं जातं. कोऱ्या मशीनवर लॉगिन केलं की गुगल सगळं इमानेइतबारे परत आणून देतं.

‘अजून कुठं लॉगिन आहे?’

‘मुलाच्या कॉम्प्युटरवर आहे, रत्नागिरीला.’

रत्नागिरीत तेव्हा नऊ वाजले होते, मुलगा जागा होता. त्याला फोन लावला. आधी त्याच्या मशीनवरून एक्स्टेन्शन काढायला लावलं, मग क्रोममधून खातं साइन आउट. इकडे लॅपटॉपवरही तेच केलं. त्यानंतर गुगल खात्यातल्या क्रोम सिंकच्या पानावर जाऊन साठवलेला डेटा पुसायचा होता. ताई दचकल्या, ‘पासवर्ड जातील ना?’ ते आधी फाइलमध्ये उतरवून घेतले, बुकमार्कही, मगच बटण दाबलं. शेवटी पुन्हा लॉगिन करून दिलं, सिंकमध्ये एक्स्टेन्शन आणि सेटिंग सोडून बाकी चालू ठेवलं, आणि घरी गेल्यावर पासवर्डची ती फाइल उडवायला बजावलं.

आमच्या दुकानाचे मालक गल्ल्यावरून बघत होते. ताई गेल्यावर म्हणाले, एवढ्या वेळात तीन फॉरमॅट झाले असते. ते खरंच होतं. मी म्हटलं, बिलावर ‘सिंक सफाई’ असा वेगळा दर लावू या आणि फॉरमॅटच्या दराशेजारी पाटीवर लिहू या. ते विचार करतो म्हणाले आणि उद्याच्या कॉलची यादी माझ्याकडे सरकवली. वरचा कॉल त्याच टायपिंग सेंटरचा होता, शेजारच्या काउंटरवरच्या मशीनसाठी.