आपल्याच माणसांची केस फाइल

१९७८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तीनेक आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकेत दोन कायदे झाले. १७ ऑक्टोबरचा कायदा मूळनिवासी जमातींनी स्वतः चालवलेल्या कॉलेजांना केंद्राचं अनुदान देणारा. ८ नोव्हेंबरचा ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट’ मूळनिवासी मुलांना घरातून उचलून परक्यांकडे ठेवण्याला आळा घालणारा. दोन्हींवर जिमी कार्टर यांची सही. साउथ डकोटातल्या पाइन रिज या लाकोटांच्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे राखीव प्रदेशात, ओग्लाला लाकोटा कॉलेजात सोशल वर्कची पदवी घेणाऱ्या मुलीला पहिल्या कायद्याने वर्ग दिला आणि दुसऱ्याने काम.

हे काम सोपं का नाही, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली. तिच्या पहिल्या तुकडीत पाइन रिज आणि शेजारच्या रोझबडची लाकोटा मुलं होती. तिथे मुलांचे केस कापले, नावं बदलली, भाषेवर बंदी घातली. पुढे अशा शाळांचा जोर ओसरला आणि मुलं नेण्याचं काम बालकल्याण खात्यांकडे आलं. १९७८ च्या कायद्याआधीच्या पाहण्यांनुसार २५ ते ३५ टक्के मूळनिवासी मुलं आपल्या घरापासून तोडून फॉस्टर कुटुंबांत, दत्तक घरांत किंवा संस्थांत ठेवलेली होती. त्यासाठी दाखवलेली कारणं वाचून संताप येतो. मूल आजीकडे किंवा मावशीकडे राहतं, एवढीच गोष्ट फाइलमध्ये ‘दुर्लक्ष’ म्हणून नोंदली जाई. ‘माय मरो पण मावशी जगो’ असं आपण म्हणतो. लाकोटांच्या घरात त्याच्याही पुढची रीत आहे. आईची बहीण ही आईच, वडिलांचा भाऊ हा वडीलच, आणि त्यांची मुलं सख्खी भावंडं. म्हणजे मुलाला आईकडून आईकडे पाठवलं, हाच गुन्हा ठरत होता. आणि तो ठरवणारी बाई बहुतेक वेळा सोशल वर्कर होती.

तोच पेशा आता लाकोटा मुली शिकतात. मला या कॉलेजची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

कॉलेजला १९७१ मध्ये ओग्लाला लाकोटा जमातीच्या कौन्सिलने सनद दिली. त्याची कचेरी काइल गावाजवळ आहे, पण वर्ग रिझर्व्हेशनच्या नऊही जिल्ह्यांत विखुरलेले: वॉनब्ली, ॲलन, मँडरसन, पॉर्क्युपाइन अशा लहान लहान वस्त्यांत, शिवाय रॅपिड सिटी शहरात. मैलोन्‌मैल माळरान, बसगाड्या नावापुरत्या, हिवाळ्यात बर्फ. शिकणाऱ्यांत बायका जास्त आणि त्यांतल्या कितीतरी लेकुरवाळ्या. त्यांना कॉलेज गाठायचं तर कॉलेजनेच त्यांच्या वस्तीपर्यंत जायला हवं, हे चालकांनी सुरुवातीलाच ओळखलं. त्यांचा याहून शहाणा निर्णय मला दिसत नाही. कोणतीही पदवी घ्या, लाकोटा भाषा आणि इतिहास त्यात असतोच.

बाकी विषय आपल्याकडच्या एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे वाटतील, आणि त्याला कारण आहे. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे, म्हणजे टिसचे, पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन. १९३६ मध्ये संस्था निघाली तेव्हा केसवर्क आणि फील्डवर्कची घडी अमेरिकेतूनच आली. तिथल्या मान्यता परिषदेच्या नियमाने बीएसडब्ल्यूला किमान ४०० तासांचं फील्डवर्क सक्तीचं आहे. केसवर्कचं पाठ्यपुस्तक घेऊन लाकोटा वस्तीत उतरलं की मात्र पानापानावर अडखळायला होतं.

जिनोग्राम घ्या. कुटुंबाचा नकाशा काढण्याची ही साधी रीत. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, जोडप्याला जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली मुलं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे. दोघं वेगळे झाले तर रेघेवर तिरका काप. आता यात ‘तियोश्पाये’ मांडा, म्हणजे लाकोटांचं विस्तारलेलं घराणं. एका मुलाच्या डोक्यावर आईची तीन वर्तुळं येतात. ‘हुंका’ विधीने जोडलेलं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं, त्याची रेघ कुठून ओढायची? कागद अपुरा पडतो. बाहेरच्या केसवर्करला त्यात गोंधळ दिसेल. इथल्या मुलीला त्याच कागदावर मूल सुखाने राहील अशी पाच-सहा घरं दिसतात. चाइल्ड वेल्फेअर कायद्यालाही नेमकं तेच हवं आहे: मूल आधी नातेवाइकांकडे, नाहीतर जमातीतल्या घरी, तेही नसेल तर दुसऱ्या मूळनिवासी कुटुंबात.

पण नात्यांची हीच दाटी पेशाच्या आड येते. अशिलाशी दुसरं नातं शक्यतो नसावं, टळत नसेल तर सीमारेषा स्पष्ट आखाव्यात, असं अमेरिकेतल्या सोशल वर्करांची आचारसंहिता सांगते. पाइन रिजवर ते टळणार कसं? जिच्या घरी गृहभेटीला जायचं ती चुलतबहिणीची नणंद असते. दारात गाडी उभी राहिली की कोण कुणाकडे आलं हे वस्तीला कळतं. मुलाला मार बसतोय असं दिसलं तर कळवणं कायद्याने बंधनकारक, आणि मारणारा आपल्याच तियोश्पायेतला. अशा वेळी पुस्तकी तटस्थता कामाची नाही. मला वाटतं, शहरी प्राध्यापकांनी ही संहिता कशी पाळायची ते अशा वस्त्यांकडून शिकावं. तिथे अंतर आयतं मिळत नाही, ते रोज राखावं लागतं.

दुखणं एका घरापुरतं नाही हे लाकोटा सोशल वर्करनेच मांडलं. मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी ‘ऐतिहासिक आघात’ ही संकल्पना घडवली. १८९० च्या वूंडेड नी इथल्या लाकोटांच्या कत्तलीपासून निवासी शाळांपर्यंतचं दुःख मोकळं न होता पिढ्यान्‌पिढ्या खाली झिरपत राहतं, असं त्यांचं म्हणणं. ब्लॅक हिल्समध्ये त्यांनी चार दिवसांचं शिबिर घेतलं, त्यात ४५ लाकोटा सेवाकर्मी होते. इतरांना सावरणाऱ्यांनी आधी स्वतःचा शोक करावा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कायदा असूनही काय घडू शकतं ते रॅपिड सिटीत दिसलं. मूल ताब्यात घेतल्यावर ४८ तासांत सुनावणी होते. रॅपिड सिटी ज्यात येते त्या पेनिंग्टन काउंटीत या सुनावण्या काही मिनिटांत उरकत. आईबापांना मूल ताब्यात घेण्याच्या अर्जाची प्रत मिळत नसे, बोलूही दिलं जात नसे. ओग्लाला आणि रोझबड जमातींनी २०१३ मध्ये दावा लावला. २०१५ मध्ये न्यायाधीश जेफ्री व्हायकेन यांनी जमातींच्या बाजूने निकाल दिला. २०१८ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला, राज्याच्या कोर्टातल्या कामात केंद्रीय कोर्टाने पडू नये म्हणून. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुद्द चाइल्ड वेल्फेअर कायदा ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला.

त्याच कायद्यानुसार मूल फॉस्टर घरी ठेवण्याचा आदेश देण्याआधी पात्र तज्ज्ञाची साक्ष लागते, आणि असा तज्ज्ञ जमातीला नेमता येतो. आईबापांचा हक्क कायमचा तोडायचा असेल तर पुरावा फौजदारी खटल्याइतका, शंकेला जागा न ठेवणारा लागतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायला नात्यांचा तो नकाशा पाठ असलेली आणि पदवीही असलेली माणसं हवीत. अशी माणसं घडवणाऱ्या कॉलेजांना मात्र १७ ऑक्टोबरच्या कायद्याने ठरवलेली रक्कम अमेरिकी काँग्रेसने बहुतेक वर्षं पुरती दिलेली नाही. मूळनिवासी नसलेला विद्यार्थी वर्गात बसला तर त्याच्यासाठी या अनुदानात एक डॉलरही धरला जात नाही.